उधारीचा डाव, वसुलीचा दावा

केंद्र सरकारने 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, गोव्यात मांडवीवर कॅसिनोची जहाजं चालतात, महसूल तिकडे जातो, महाराष्ट्राने काय पाप केलंय? दुसरी म्हणते, घरं बुडतात. मग माझा मामेभाऊ, जो वकील नाही पण बोलतो तसाच, हुकमाचं पान टाकतो: "जुगाराचं देणं आपल्याकडे कायद्याने देणंच नाही. कोर्ट वसूल करून देत नाही. मग भीती कसली?"

इथे लंडनमध्ये बसून मला त्याच्या या शेवटच्या प्रश्नाचीच जास्त भीती वाटते.

कायद्याच्या अक्षरापुरतं त्याचं बरोबर आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 30 पैजेचा करार रद्दबातल ठरवतं आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावू देत नाही. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीतल्या काही बक्षिसांचा. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये घेरूलाल पारख खटल्यात एक बारकावा सांगितला. पैजेचा करार रद्दबातल असला तरी तो बेकायदा नव्हे, म्हणून त्याला जोडून झालेले इतर करार टिकू शकतात. पण जुन्या मुंबई इलाख्याने त्याच्या कितीतरी आधी, 1865 मध्येच, ही फटही बुजवून टाकली होती. पैजेसाठी दिलेलं कर्जसुद्धा कोर्टातून परत मिळणार नाही, असा तो कायदा.

हे सगळं आलं मुळात इंग्लंडमधूनच. इथल्या 1845 च्या कायद्याने जुगाराचे करार कोर्टाबाहेर काढले, तोच विचार तीन वर्षांत हिंदुस्थानात पोचला. आपण तो जपून ठेवला. ज्यांनी दिला त्यांनी मात्र 2005 चा नवा जुगार कायदा करून 1 सप्टेंबर 2007 पासून तो मोडीत काढला. जुगाराचा करार आता इथे इतर करारांसारखाच, कोर्टात वसूल होणारा.

एवढं ऐकल्यावर ग्रुपवरची कॅसिनोवाली मंडळी खूश होतात. पण त्याच 2005 च्या कायद्यात कलम 81 आहे. कॅसिनोने खेळणाऱ्याला जुगारासाठी उधार द्यायचं नाही, दुसऱ्या कुणाकडून त्याची सोयही लावून द्यायची नाही. एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगारालाही बंदी आली. म्हणजे वसुलीचं दार उघडलं, पण उधारीची खिडकी बंद ठेवली. आपल्याकडच्या चर्चेत पहिला अर्धा भाग येतो, दुसरा कुठेतरी गळतो.

आणि भारतासारखं वसुलीचं दार बंद ठेवलं की देणं संपतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी वसुलीवाला पाहिलेला नसावा. जुगारासाठी पैसे पुरवणारा माणूस कलम 30 वाचून धंदा सोडत नाही. तो सुरुवातीलाच सहीचा कोरा चेक घेतो आणि 'हातउसने घेतले' अशी चिठ्ठी लिहून घेतो. चेक वटला नाही की परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याचं, कलम 138 लागतं, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. हे कलम फक्त कायदेशीर देण्याला लागू पडतं हे खरं. पण कलम 139 प्रमाणे चेक हातात असणाऱ्याच्या बाजूने आधीच गृहीत धरलं जातं की देणं आहे. ते नाही, हे पटवायचं चेक देणाऱ्याने. म्हणजे कर्जदाराने कोर्टात उभं राहून सांगायचं, साहेब, हे हातउसने नव्हते, मी जुगार खेळत होतो. महाराष्ट्रात 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली जुगाराच्या अड्ड्यावर खेळणं हाच गुन्हा आहे. असा बचाव किती जण घेतील? बहुतेक जण घरातलं सोनं काढतात. कायद्याने दिलेलं संरक्षण कागदावर भक्कम आहे, आणि ज्याला ते हवं त्याच्या हाताला लागत नाही.

लंडनचीही फार तारीफ नको. इथे उधार बंद, पण पुढची तारीख न टाकलेला चेक कॅसिनोला घेता येतो आणि मोठ्या असामींसाठी चेकवर खेळायची मर्यादा वाढवून देता येते. 2014 मध्ये हाय कोर्टात असंच एक प्रकरण गेलं. एका रात्रीत वीस लाख पौंड हरलेल्या ग्राहकाचे चेक परत आले, तेव्हा बचाव झाला की ही तर आडवाटेने दिलेली उधारीच. कोर्टाने मानलं नाही, कॅसिनो जिंकला. मला विचाराल तर बचाव अगदीच पोकळ नव्हता.

तरीही अमेरिकेतल्या नेवाडा राज्यापेक्षा हे बरं. तिथे कॅसिनो 'मार्कर' नावाच्या कागदावर उधार देतो, 1983 पासून ते देणं वसूलही होतं, आणि तिथलं सर्वोच्च न्यायालय मार्करला चेकच मानत असल्याने न फेडणाऱ्यावर फौजदारी खटला होऊ शकतो. उधारही देणार, आणि वसुलीला सरकारी वकीलही तयार.

मामेभावाला आणखी एक गोष्ट ठाऊक नाही. ब्रिटन आणि सिंगापूर इथल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीला लावता येतात. (अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर भारतात नवा दावा लावावा लागतो.) त्याच संहितेच्या कलम 13 मध्ये परदेशी निकालावरच्या हरकतींना जागा आहे, पण 1959 चं ते वाक्य, 'रद्दबातल, पण बेकायदा नव्हे', अशा वेळी घेणेकऱ्याच्या कामी येईल असं मला वाटतं. सुट्टीत लंडनला येऊन पत्त्यांच्या टेबलावर चेक फाडणाऱ्याने कलम 30 खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि 2023 मध्ये रद्द करायचं ठरवलं. उद्या कुणी तो मसुदा पुन्हा बाहेर काढला, तर परवाना शुल्क आणि कर किती याच्या आधी मी एकच कलम शोधेन: टेबलाशेजारी उधार देणाऱ्याला काय शिक्षा. ते नसेल तर या वादात मी घरं बुडतात म्हणणाऱ्यांच्या बाजूने.