किल्लीची किल्ली कुठे ठेवायची?

बाबा गेले आणि त्यांची बारा बोअरची डबल बॅरल माझ्या नावावर झाली. मला बंदुकीचं काडीचंही वेड नाही, पण बाबांनी जन्मभर तेल लावून पुसलेली वस्तू विकायला मन होईना, म्हणून मग अर्ज, फोटो, डॉक्टरचा दाखला, पडताळणी असं सगळं रीतसर पार पाडलं आणि लायसन्स हातात आल्यावर वाटलं, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय. लायसन्सवाले साहेब म्हणाले, "आता ठेवणार कुठे ते बघा, मी पाहायला येईन."

बाबांच्या वेळी ती कपाटामागे छत्रीशेजारी उभी असायची आणि काडतुसं वरच्या खणात स्वेटरांमध्ये, डांबरगोळ्यांबरोबर. (डांबरगोळी कुठली आणि काडतूस कुठलं हे आईला अंधारातही कळायचं म्हणे.) आता तसं नाही. बंदूक रिकामी करून पोलादी कपाटात, कपाट आतून बोल्ट मारून भिंतीला, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि मुख्य म्हणजे लायसन्स ज्याच्या नावावर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिथवर पोचता कामा नये. देशोदेशी तपशील बदलतात, पण बऱ्याच ठिकाणी साधारण मागणी हीच. ब्रिटनमध्ये या कपाटांसाठी बीएस 7558 नावाचं वेगळं मानक आहे, जर्मनीत 2017 पासून नवं कपाट घेणाऱ्याला किमान ईएन 1143-1 या युरोपीय मानकातल्या ग्रेड 0 चं घ्यावं लागतं आणि ते हलकं असेल तर आत पिस्तुलं 5 च ठेवता येतात. हलकं म्हणजे 200 किलोच्या आतलं! माझं 90 किलोचं होतं, तरी जिन्यात हमालांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

त्यात पुन्हा सल्ला असा की घरात बंदूक आहे हे चार लोकांना कळू देऊ नका. मी शेजाऱ्यांना 'फाइलींचं कपाट येतंय' असं सांगून ठेवलेलं आणि टेम्पोवाला खालून बोंबलतोय, "बंदुकीचं कपाट कितव्या मजल्यावर?" पाच खिडक्या उघडल्या. सहावी माझी, तीही उघडली, कारण न उघडणं संशयास्पद वाटलं असतं.

बोल्टचं थोडक्यात सांगतो. भिंत भरीव पाहिजे. आमची पहिली भिंत ठोकल्यावर ढोलासारखी वाजली, दुसरी मिळाली ती चांगली भरीव, पण मिस्त्रीनं ड्रिल जरा जोशात चालवलं आणि एक बोल्ट पलीकडे बाथरूममध्ये आरशाशेजारी निघाला. त्याच्यावर आता टॉवेल लटकतो. घरातली सगळ्यात मजबूत खुंटी आहे ती, तेवढं मान्य करावंच लागेल.

पण हे सगळं परवडलं. खरा छळ किल्लीचा.

90 किलोचं कपाट उघडतं बोटभर किल्लीनं, आणि ती लपवायची आहे अशा घरात जिथे माझा चष्मासुद्धा माझ्याआधी इतरांना सापडतो. पहिल्यांदा बुटात ठेवली. मग घड्याळाच्या मागे. मग जुन्या हिशेबाच्या वहीला भोक पाडून आत बसवली, यात माझी एक अख्खी दुपार गेली आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. साहेब तपासणीला आले, कपाट हलवून बघितलं, हललं नाही, खूश झाले, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "किल्ली कुठे असते?" मी तोंड उघडायच्या आत आतून आई म्हणाली, "हिशेबाच्या वहीत." मुलगी म्हणाली, "नाही आजी, सोमवारी शिवणाच्या डब्यात हलवलीये." आणि बायको, काहीही कारण नसताना, "अहो, ती डब्यातून पडत होती म्हणून मी देव्हाऱ्याच्या खणात टाकली." साहेबांनी पेन बंद केलं. म्हणाले, "म्हणजे लायसन्स एकाचं आणि बंदूक चौघांची." पंधरा दिवस दिले मला.

घरात यावरून जे झालं ते झालंच. "एवढी वर्षं संसार केला आणि तुमचा माझ्यावर विश्वास नाही?" आता हिला कसं समजवायचं की अविश्वास माझा नाही, कायद्याचा आहे, मी फक्त मधला माणूस.

बरं, ही पंचाईत माझी एकट्याची नाही. जर्मनीत एकानं कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्या पोलादी तिजोरीत, नंबरच्या कुलपात ठेवल्या होत्या. चोरांनी ती तिजोरी फोडली, किल्ल्या घेतल्या आणि बंदुकीचं कपाट निवांत उघडलं. 2023 मध्ये म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की किल्ली ज्यात ठेवायची ते बंदुकीच्या कपाटाइतकंच भक्कम हवं. त्या माणसाची लायसन्सं वाचली, पण मी हे वाचून उठून बसलो. अहो, म्हणजे त्या दुसऱ्या तिजोरीलाही किल्लीच असली तर ती कुठे? तिसरीत? घरात राहायचं कुणी, आम्ही की तिजोऱ्यांनी?

यावर उपाय म्हणजे नंबरचं कुलूप, म्हणून तेव्हा मीही ऐपतीप्रमाणे एक डिजिटल कपाट आणलं. सहा आकडे, कुणाचाही वाढदिवस नाही, फक्त माझ्या डोक्यात. सोबत एक इमर्जन्सी किल्ली आली आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ओळ, 'ही किल्ली कपाटात ठेवू नये'. मी हसलो, म्हटलं असा गाढव कोण असेल. मग किल्ली कुठे ठेवावी यावर रात्रभर विचार केला, आणि घरातली सगळ्यात सुरक्षित, तपासून पास झालेली जागा एकच होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आठ दिवस घरात कुठेतरी टीक टीक वाजत होतं, आम्ही फ्रीज तपासला, मुलीचं खेळणं तपासलं, आईनं माझ्या छातीला कान लावला. नवव्या दिवशी आवाज थांबला म्हणून सगळे आनंदात आणि कपाटाचे सेल संपलेले. सेल दाराच्या आतल्या बाजूला, किल्ली आत. कारागीर बोलावला तर तो म्हणाला, "आधी लायसन्स दाखवा." अगदी योग्य बोलला, फक्त लायसन्सही आत. मोबाईलमध्ये फोटो होता म्हणून वाचलो. मग त्यानं फोनवर स्वतःच्या बायकोशी बोलत बोलत दहा मिनिटांत कपाट उघडून दिलं, आणि आनंद व्हावा की घाम फुटावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उघडल्यावर पहिलं काय दिसलं तर सिलिका जेलची पुडी, दमटपणानं निळ्याची गुलाबी झालेली. बंदुकीवर गंज नव्हता, बाबांचं तेल.

ते कपाट परत केलं. आता पुन्हा साधी किल्ली, दोरीत ओवून माझ्या गळ्यात, झोपतानासुद्धा. साहेब पुन्हा आले, दोरी ओढून पाहिली आणि सही केली.

गेल्या आठवड्यात गुडघ्याचा एमआरआय होता. मशीनजवळचा मुलगा म्हणाला, "काका, अंगावरचं धातूचं सगळं काढा आणि घरच्यांकडे द्या." मी किल्ली मुठीत धरली आणि त्याला म्हटलं, "देता येत नाही, हिच्या नावावर लायसन्स नाही." तो मुलगा बायकोकडे बघायला लागला. तिनं काही न बोलता हात पुढे केला.