शनिवारची धनतेरस

खंडेनवमीला सकाळी आईने पाटावर लाल कापड अंथरलं आणि हाक मारली, "बाबू, घरातली अवजारं आण." बाबू म्हणजे मी, वय 51. मी आणली. एक पक्कड, एकदा उघडली की मिटायला दोन्ही हात लागतात अशी. एक पेचकस, रंगाचे डबे उघडून उघडून टोकाचा चमचा झालेला. आणि एक हातोडी, दांडा वेगळा नि मुंडकं वेगळं, म्हणजे मोजायला गेलं तर दोन नग. आईने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं आणि डोळे मिटून जे काही पुटपुटली त्यात "क्षमा" हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या पूजेचा फोटो टाकला. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा असे थेट वीस-बावीसपर्यंतचे आठ दुतोंडी पाने, शाळेच्या फोटोत मुलं उंचीप्रमाणे उभी करतात तसे. बाजूला कानशी, पटाशा, गुण्या. वस्तू घट्ट धरायच्या शिकंज्याला अख्खा हार. बायकोने तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग बाथरूमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बाथरूममधला नळ श्रावणापासून जोडापाशी गळत होता.

दसऱ्याला काही घेणं जमलं नाही. आमच्या बाजूचे रस्ते त्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या माणसांनी भरून वाहत असतात, त्यात स्कूटर घालण्यात अर्थ नसतो. मग दिवाळी आली, बोनस आला, आणि पेपरातून एक गुलाबी पत्रक पडलं: "धनतेरस धमाका! हँड टूल्सवर 50% पर्यंत सूट. फक्त एक दिवस." यातला "पर्यंत" मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होता, तो मला नंतर दिसला. बायकोने निघताना बजावलं, "पाना आणा. नळाचा. फक्त पाना."

मी तयारीने निघालो होतो, हे नमूद करायला हवं. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन नळाचा आट्याचा भाग मोजला होता. 21 मिलिमीटर. कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवला होता.

आमच्या नागपुरात वार हे पत्ते आहेत. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. बाहेरगावच्या पाहुण्याला "शनिवारी इतवारीत भेटू" म्हटलं की तो कॅलेंडर काढतो. त्यामुळे 18 ऑक्टोबर 2025, वार शनिवार, तिथी धनत्रयोदशी, या दिवशी इतवारीच्या लोहाओळीत जाण्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. लोहापुलाखालून जातानासुद्धा नाही.

धनतेरसला इतवारीत स्कूटर लावायला जागा शोधणं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिण्यासारखी भाषा घरात वाचली जात नाही. अग्रसेन चौकाच्या अलीकडे कुठेतरी लावली आणि चालत निघालो. सोनं घेणारे सराफाओळीकडे वळत होते, लोखंडवाले सरळ. लोहाओळीत डोळे मिटून गेलं तरी कळतं. ग्रीसचा वास, साखळी ओढल्याचा खळखळाट, आणि "बाजू बाजू बाजू" म्हणत मागून येणारा सळाखींचा ठेला, ज्याच्या सळाखी ठेल्याच्या पुढे माणूसभर निघालेल्या असतात.

दुकानात काउंटरला तीन रांगा माणसं. माझ्या पुढे एक मिस्त्री होता. त्याचं खरेदी करणं पाहून मला आपल्या शिक्षणाची लाज वाटली. त्याने पक्कड हातात घेतली, दोनदा उघडमीट केली, कानाशी नेली, मग जबडा मिटून ट्यूबलाइटसमोर धरली आणि फटीतून उजेड येतो का ते बघितलं. आला. ठेवली. दुसरी उचलली. उजेड नाही. "ही द्या." एक शब्द भावाचा नाही, ऑफरचा नाही. आणि मालकाने त्याला जो भाव लावला तो पत्रकातल्या भावापेक्षा कमी होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"बोला भाऊ," मालक माझ्याकडे वळला.

"21 नंबरचा पाना."

"21 सुटा नाही ठेवत. वीस-बावीस येते. कशाले पाहिजे?"

"नळाला."

"नळ कोणता? अर्धा इंची?"

"नाही हो. मोजून आलोय. पाऊण इंचाच्याही वर आहे." मी कागद काढून दाखवला.

मालक हसला नाही. तो भला माणूस होता. हसला तो मिस्त्री. "भाऊ, तोच अर्धा इंची."

मग मला जे समजावून देण्यात आलं ते असं. अर्धा इंच हे जुन्या हिशेबात पाइपाच्या आतल्या पोकळीचं नाव. बाहेरून आटे मोजले तर ते 21 मिलिमीटर भरतात. पाइपाची जाडी बदलली, आतली पोकळी बदलली, नाव तेच राहिलं. इतकी वर्षं इंच हे माप आहे असं मी समजत होतो. ते आडनाव निघालं.

"तुम्हाले पाइप पाना लागते, बारा इंची," मालक म्हणाला आणि पोराने धाडकन एक लाल रंगाचं दणकट अवजार काउंटरवर टाकलं. हातात घेतल्यावर खांदा एका बाजूला उतरला.

"यावर ऑफर काय?"

"यावर काही नाही."

"मग ऑफर कशावर आहे?"

इथे मी चुकलो. पाना घेऊन गुमान घरी यायचं होतं. पण धनतेरसच्या दिवशी, इतक्या लांब येऊन, पार्किंगला अर्धा तास घालवून, एमआरपीत वस्तू घेऊन जाणं मनाला पटेना. मालकाने मागच्या फळीवरून एक हिरवा डबा काढला आणि दागिन्यांची पेटी उघडतात तसा दोन अंगठ्यांनी उघडला. आत गोट्याच गोट्या. म्हणजे गोटी पान्याचा सेट. चार नंबरपासून चौदा नंबरपर्यंत चकचकीत गोट्या, रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकडणारी मूठ, एक वाकणारा दांडा, आणि बारीक बिटांच्या दोन पलटणी. रॅचेट फिरवलं की कर्रर्र असा आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विचार करायचा थांबतो. मी चार वेळा फिरवलं.

"46 नग. एमआरपी 1,499. आज 699. सोबत पाच मीटरचा टेप फुकट."

टेप ओढून बघितला तर टोकाची आकडी हलत होती. मी ताबडतोब पकडलं. फुकटची वस्तू म्हणून काहीही गळ्यात मारतात. "हे ढिलं आहे."

काउंटरमागचं पोरगं असेल सतरा-अठरा वर्षांचं. "काका, ते ढिलंच असते. बाहेरून अडकवून मोजलं तर आकडी पुढे सरकते, आतून टेकवून मोजलं तर मागे. आकडीच्या जाडीएवढीच. नाही तर माप चुकते." मिस्त्री अजून तिथेच होता. का थांबला होता कोण जाणे. बहुधा माझ्याचसाठी.

"कानस पण टाकू का? फाइल, फाइल," मालक म्हणाला. मी म्हटलं, फायली ऑफिसात पुष्कळ आहेत. हा विनोद होता. कोणी हसलं नाही.

"बिल पक्कं पाहिजे का? 18 टक्के जीएसटी वेगळा लागते मंग."

"कशालाच सूट नाही का यातून?"

"फावड्याले आहे. शेतीचं हत्यार आहे ना, शून्य टक्के."

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने फावडं घ्यावं का, याचा मी दोन सेकंद खरोखर विचार केला.

शेवटी पाइप पाना, सेट आणि मॅग्नेटिक टोकाचा एक पेचकस असं ठरलं. पेचकसाची करामत मालकाने करून दाखवली. टोकाला स्क्रू लावला, हात सोडला, स्क्रू लटकत राहिला. पैसे काढत होतो तेवढ्यात फोन वाजला. आई.

"कुठे आहे बाबू?"

"लोहाओळीत."

"काऊन?"

सांगितलं.

"आज वार कोणता?" आईचा आवाज शांत झाला की मला चौथीत गेल्यासारखं वाटतं. "शनिवार. शनिवारी कोणी लोखंड आणते का घरात? अन् धनतेरसले? आज सोनं आणते माणूस, चांदी आणते, गेला बाजार पितळेचा चमचा आणते. तू लोखंड घेऊन राहिला?"

मागच्या माणसाच्या कोपराने फोन स्पीकरवर गेला, आणि मालकाने बघितलं की 699 हातचे चालले. तो फोनवर वाकला. "माताजी, नमस्कार. हे लोखंड नाहीच. क्रोम व्हेनेडियम आहे. डब्यावर लिहून आहे."

पलीकडे क्षणभर काही नाही. आमची आई तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती. शनिवार पाळते तोही त्याच शिस्तीत.

"चुंबकाले चिकटते का?" तिने विचारलं.

आम्ही सगळ्यांनी पेचकसाकडे पाहिलं. मालकाच्या हातात तो अजून होता आणि त्याला स्क्रू अजून लटकत होता. पोरगं हुशार. त्याने मुकाट्याने डब्यातली एक गोटी उचलून टोकाजवळ नेली. टक्.

"चिकटते, आजी," तो म्हणाला. मालकाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा बोनस मला डोळ्यांसमोर विरघळताना दिसला.

"मंग लोखंडच आहे. शंभरात 97 भाग लोखंड, बाकीचं भाजीतल्या मिठासारखं. व्हेनेडियम म्हणे."

काउंटरवर सल्लामसलत सुरू झाली. मी नाही, दुकानानेच सुरू केली. एकजण म्हणाला सोमवारी घ्या. सोमवारी ऑफर नाही. एकजण म्हणाला आज बिल करा, उद्या न्या. उद्या रविवार, दुकान बंद. इतवारीत इतवारी सुट्टी. डिक्कीत ठेवतो असं मी आईला सुचवलं. डिक्की म्हणजे घर नव्हे, पार्किंग सोसायटीचं. "पार्किंगचे पैसे आपण बिल्डरला वेगळे मोजले," आई म्हणाली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे रात्रभर ठेवायचं ठरलं. ज्या माणसाची हयात आयुध निर्माणीत गेली त्याचं शनी आता आणखी काय करणार, असा त्यामागचा विचार.

"पण धातू तर न्यावाच लागेल माताजींसाठी," मालक म्हणाला. बेट्याने हार मानली नव्हती. खण उघडून त्याने काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. भोवऱ्यासारखं, टोकदार, पिवळंधमक, त्याच्या आकाराच्या मानाने भलतंच जड. ओळंबा. पितळी. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीने सोडतात तो. पोराने न सांगता पेचकस जवळ नेला. नाही चिकटला. "साडेतीनशे," मालक म्हणाला. ऑफर नव्हती.

घरी आलो. आईने ओळंबा हातात तोलला, नखाने खरवडला, आणि तिचा चेहरा खुलला. धने-गुळाच्या वाटीशेजारी, धन्वंतरीच्या फोटोपुढे तो ठेवला, कुंकू लावलं. बायकोने विचारलं, "पाना?"

"खाली आहे. उद्या येईल."

"हे काय आहे?"

"शकुन."

रविवारी सकाळी काका स्वतः डबा घेऊन वर आले. डब्यावर रबरबँडने एक चिठ्ठी लावली होती, निर्माणीतल्या स्टोअरच्या अक्षरात. प्रत्येक गोटी, प्रत्येक बीट, नंबरवार. खाली बेरीज: 45. त्याखाली कंसात: डबा धरून 46.

"तुमचा नळ अर्धा इंची ना?" काका म्हणाले. "यातली मोठ्यात मोठी गोटी चौदाची आहे."

"माहीत आहे. त्याला पाइप पाना आहे ना."

"कुठे आहे?"

तो काउंटरवर राहिला होता. लाल रंगाचा, बारा इंची, पैसे दिलेला. दुकान सोमवारी उघडणार.

काकांनी चहा घेतला आणि माझ्या रॅचेटने चार वेळा कर्रर्र केलं. तेवढ्यात आतून आईने हाक मारली. तिने ओळंब्याला पायजम्याची नाडी बांधली होती आणि देवघराच्या फळीवरून तो खाली सोडला होता. विज्ञानाची बाई, वस्तू घरात आली की तिचा उपयोग करून बघणारच. आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. पिवळा भोवरा डुलत डुलत स्थिर झाला. नाडी एका बाजूला, भिंत दुसऱ्या. वरून चिकटलेली, खाली बोटभर लांब.

"बाबू, भिंत वाकडी आहे का फळी?"

काकांनी एक डोळा मिटून पाहिलं. "दोन्ही."

मग तिने कपाट तपासलं. कपाट वाकडं. दाराची चौकट. बोलायची सोय नाही. लग्नातला आमचा फोटो तर उजवीकडे इतका कललेला निघाला की बायको म्हणाली, तरीच. दुपारपर्यंत आई नाडी घेऊन घरभर हिंडत होती, काका मागे टेप धरून. आकडी त्यांच्या हातात हलत होती आणि ती का हलते हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"एक तरी गोष्ट सरळ आहे का या घरात?" शेवटी आई दमून खुर्चीत बसत म्हणाली.

सगळे गप्प झालो, तेव्हा बाथरूममधून आवाज आला. टप्. थेंब ओळंब्यात पडत होता.