यादीत आर्वी तीन, सापडते एक
काहून बाप्पा, ग्रेप (फाइलमधून शब्द असलेल्या ओळी शोधणारी कमांड) तपासताना दरवेळी स्मॉल अक्षरंच टाकता? कापूस नोंदणीच्या इंग्रजी यादीत आर्वी गावाचं नाव तीन तऱ्हेनं असतं: पहिलं अक्षर कॅपिटल, सगळी कॅपिटल, सगळी स्मॉल. तेवढ्याच तीन ओळींची फाइल करा. मायनस सी (जुळलेल्या ओळी मोजणारा पर्याय) लावून स्मॉल आर्वी शोधली तर उत्तर 1, सोबत मायनस आय (कॅपिटल-स्मॉल भेद न मानणारा पर्याय) जोडलं की 3. झालं, लगेच ‘टेस्ट पास’! अरे, सगळ्या कॅपिटलनंही शोधून पाहा ना. रिपग्रेपला (ग्रेपसारखंच दुसरं शोधसाधन) स्मार्ट केस हा पर्याय लावलेला असला की तिथंच पितळ उघडं पडतं: स्मॉलला 3, शोधशब्दात एक जरी कॅपिटल आलं की मोठ्या-लहानाचा भेद सुरू, उत्तर 1. अन् हे टेस्टवाले लेकाचे ‘तुमचं गाव यादीत नाही’ म्हणून मोकळे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, तिथं मात्र मायनस आय हटकून लावतील!