‘ब्लू-रे म्हणजे पैसे पाण्यात’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

घरी चित्रपट पाहण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून तो जसाच्या तसा फिरतही असतो. त्याचा गोषवारा असा : डीव्हीडी आणि तिच्यानंतर आलेली हाय डेफिनिशन, म्हणजे अधिक तपशिलाची, तबकडी ब्लू-रे यांतला फरक दिवाणखान्यात बसल्या जागेवरून दिसतच नाही, नवा टीव्ही डीव्हीडीचे चित्र आपोआप सुधारून दाखवतो, जुन्या चित्रपटांना हाय डेफिनिशनचा काही उपयोग नाही, ४के (ब्लू-रेच्या चौपट पिक्सेलचे) स्ट्रीमिंग घरात असताना तबकडी हवीच कशाला, आणि हे माध्यम शेवटच्या घटका मोजत असल्याने त्यात घातलेला पैसा वाया जाणार. यातले पहिले चार मुद्दे एकतर चुकीचे आहेत किंवा अर्धवट माहितीवर बेतलेले आहेत. पाचव्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

पहिला मुद्दा अंतराचा. हा सर्वांत पटण्याजोगा वाटतो आणि गणिताने सहज तपासता येतो, तरी तो तपासण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. आठ फुटांवरून हे माप सुमारे ०.७ मिलिमीटर भरते. आता ५५ इंची टीव्ही घ्या. त्याच्या पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर असते. आपल्याकडे विकल्या गेलेल्या कितीतरी डीव्हीडींवर चित्राच्या आडव्या ओळी ४८० असत. या ओळी त्या पडद्यावर पसरल्या की प्रत्येक ओळ जवळजवळ १.४ मिलिमीटर जाडीची होते, म्हणजे डोळ्याला जेवढे बारीक दिसू शकते त्याच्या दुप्पट जाड. ब्लू-रेच्या १०८० ओळी त्याच पडद्यावर ०.६३ मिलिमीटरच्या होतात आणि डोळ्याच्या मर्यादेला जाऊन भिडतात. शहरी सदनिकेत सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये बहुधा एवढेच अंतर असते. तेव्हा ‘बसल्या जागेवरून फरक दिसत नाही’ हे विधान अशा घरांपुरते सरळसरळ चुकीचे आहे.

ते कुठे खरे आहे, हेही सांगितले पाहिजे. टीव्ही ३२ इंची असेल आणि तुम्ही दहा फुटांवर बसत असाल, तर डीव्हीडीची ओळसुद्धा डोळ्याच्या मर्यादेच्या आत जाते आणि ब्लू-रेचा वाढीव तपशील बव्हंशी वाया जातो. त्याचप्रमाणे ५५ इंची टीव्हीवर आठ फुटांवरून ४के तबकडीचे जादा पिक्सेल जवळपास दिसत नाहीत. ४के तबकडीचा खरा लाभ रंगांच्या खोलीत आणि उजेड-अंधाराच्या वाढीव पट्ट्यात, म्हणजे एचडीआरमध्ये असतो. डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रेवर प्रत्येक रंगछटेच्या २५६ पायऱ्या असतात, तर ४के तबकडीवर १०२४. अंधाऱ्या खोलीत कंदील लावलेला आहे असे दृश्य घ्या : डीव्हीडीवर ज्योतीभोवतीचा उजेड एकात एक बसवलेल्या वर्तुळांसारखा तुटक दिसतो, आणि चांगल्या ४के तबकडीवर, योग्य टीव्ही असेल तर, तो सलग विरत जातो. हा फरक दहा फुटांवरूनही कळतो, कारण त्याचा संबंध बारकाव्याशी नसून छटांशी आहे.

रुंद पडद्यावरच्या, म्हणजे स्कोप पद्धतीच्या चित्रपटांत डीव्हीडीची कमतरता आणखी वाढते, आणि ही बाब या चर्चेत कोणी मांडत नाही. स्कोप चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात, त्यामुळे ४८० ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला सुमारे ३६० ओळीच उरतात. जुन्या चौकोनी टीव्हींसाठी पट्ट्यांसकट छापलेल्या डीव्हीडींवर तर ही संख्या २७०च्या आसपास घसरते. ब्लू-रेवर अशाच चित्राला ८००हून अधिक ओळी मिळतात. मैदानावरच्या गर्दीचे लांबून घेतलेले दृश्य असेल, तर एका प्रतीवर माणसांचे नुसते ठिपके दिसतात आणि दुसऱ्या प्रतीवर कोण कुठे पाहते आहे ते दिसते. दिग्दर्शकाने ती गर्दी ज्या कारणासाठी उभी केली, ते कारणच पहिल्या प्रतीत हरवते.

‘टीव्ही चित्र सुधारतो’ हा दुसरा मुद्दा लवकर निकालात निघतो. टीव्हीतील यंत्रणा साडेतीन-चार लाख पिक्सेल ताणून वीस लाख जागा भरते आणि कडा धारदार करते. मूळ प्रतीत जो तपशील नाही तो ती अंदाजाने भरते, आणि हा अंदाज चांगला असला तरी तो अंदाजच असतो. शिवाय डीव्हीडीचे एमपेग-२ हे संकोचनाचे (माहिती दाबून लहान करण्याचे) तंत्र १९९०च्या दशकातले असल्याने हलत्या दृश्यांत चौकोनी ठोकळे आणि अक्षरांभोवती थरथरणारी धूळ दिसते. धार वाढवली की ठोकळे आणि धूळ यांनाही धार येते. एकाच तबकडीवर तीन-तीन चित्रपट कोंबून विकल्या गेलेल्या प्रतींवर तर सुधारण्यासारखे काही शिल्लकच राहिलेले नसते.

तिसरा मुद्दा मला सर्वाधिक खटकतो, कारण त्यात आपल्या चित्रपटांच्या इतिहासाविषयीचा गैरसमज दडलेला आहे. ‘जुने चित्रपट मुळातच धूसर, त्यांना हाय डेफिनिशन काय करणार’ असे म्हणणाऱ्यांनी ते चित्रपट बहुधा दूरदर्शनवर किंवा व्हीसीडीवर पाहिलेले असतात. व्हीसीडीचे चित्र अवघे ३५२ बाय २८८ पिक्सेलचे असे आणि दोन-तीन तबकड्यांत विभागलेला चित्रपट मध्येच उठून बदलावा लागे. ती धूसरता व्हीसीडीची होती, चित्रपटाची नव्हे. नीट चित्रित झालेल्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीच्या कैक पट तपशील असतो, आणि म्हणूनच १९५०च्या दशकातील चित्रपट २००५च्या आसपासच्या डिजिटल व्हिडिओपेक्षा ब्लू-रेवर अधिक सुस्पष्ट दिसू शकतो.

‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचे उदाहरण याला पुरेसे आहे. या चित्रपटांची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. इटलीतील बोलोन्या येथील लिम्माजिने रित्रोव्हाता या संस्थेत त्यांचे वाळून ठिसूळ झालेले भाग रसायनांनी पुन्हा लवचीक करण्यात आले, कडेची छिद्रे हाताने दुरुस्त करण्यात आली आणि मग ४के दर्जाचे स्कॅन झाले. जे भाग वाचवता आले नाहीत, ते इतर ठिकाणी जपलेल्या चांगल्या प्रतींतून घेतले गेले. २०१५ साली ही त्रयी ब्लू-रेवर आली. ज्यांनी ‘पथेर पांचाली’ केवळ जुन्या, ओरखड्यांनी भरलेल्या प्रतीत पाहिला आहे, त्यांनी ही प्रत अवश्य पाहावी. हाय डेफिनिशनचा उपयोग जुन्या चित्रपटांनाच अधिक आहे, हे मग वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

अर्थात वेष्टनावर ब्लू-रे लिहिलेले असले म्हणजे आतली प्रत चांगलीच असते असे नाही. काही कंपन्या फिल्मचे नैसर्गिक कण पुसून टाकण्याच्या नादात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि त्वचेचा पोतही पुसतात, आणि माणसे मेणाची वाटू लागतात. बीटाकॅमवर, म्हणजे जुन्या दूरचित्रवाणी दर्जाच्या व्हिडिओ टेपवर, चित्रित झालेल्या मालिका मुळातच कमी तपशिलाच्या असल्याने त्यांच्या हाय डेफिनिशन आवृत्तीला अर्थ नाही. गेल्या पंचवीस वर्षांतील कितीतरी चित्रपटांचे अंतिम संस्करण २के, म्हणजे साधारण ब्लू-रेएवढ्याच तपशिलाच्या, दर्जावर झालेले असल्याने त्यांची ४के तबकडी ही बहुतेक वेळा ताणलेलीच प्रत असते. तिथे साधी ब्लू-रे पुरते. म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत कशावरून तयार केली आहे ते पाहावे.

चौथा मुद्दा स्ट्रीमिंगचा. ‘४के’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच छापलेला असल्याने लोक दर्जाही सारखाच समजतात. नेटफ्लिक्स ४के पाहण्यासाठी सेकंदाला १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते, म्हणजे प्रत्यक्ष चित्रासाठी त्याहून कमीच डेटा वापरला जातो. साध्या ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते आणि ४के ब्लू-रेची कमाल मर्यादा १२८ मेगाबिटपर्यंत जाते. नवी संकोचन-तंत्रे अधिक कार्यक्षम असल्याने केवळ आकड्यांवरून निर्णय देणे योग्य नाही, आणि दोन माणसे शांतपणे बोलत बसली आहेत अशा दृश्यात चांगला ४के स्ट्रीम साध्या ब्लू-रेच्या तोडीस तोड असतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण पाऊस, धुरळा, मिरवणुकीतली गुलालाची उधळण अशा दृश्यांत प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीपेक्षा वेगळी असते आणि संकोचनाला पकडायला काहीच स्थिर सापडत नाही. तिथे डेटा कमी पडतो. गुलालाचे कण नाहीसे होऊन त्यांच्या जागी गुलाबी लगदा उरतो, आणि दृश्य शांत झाले की तपशील परत येतो. तबकडीवर हे क्वचितच घडते.

आवाजाच्या बाबतीत अंतर आणखी मोठे आहे. स्ट्रीमिंगवरील अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही ऐकू येणारा) ध्वनी बहुधा सेकंदाला ७६८ किलोबिटपर्यंतच्या संकोचित स्वरूपात येतो, तर ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या स्वरूपांत स्टुडिओतला ध्वनी काहीही न गाळता दिलेला असतो. मात्र टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्याला याचा काडीचाही उपयोग नाही. त्याने आधी बरे स्पीकर घ्यावेत, तबकड्यांचा विचार नंतर करावा.

स्ट्रीमिंगवर चित्रपट आपल्या मालकीचा नसतो, हेही विसरता कामा नये. हक्कांचा करार संपला की तो यादीतून निघून जातो, आणि दर्जाही सेवा देणाऱ्याच्या हातात राहतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जाळ्यावरचा ताण कमी करण्यासाठी भारतातील व्हिडिओ सेवांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्राचा दर्जा काही काळ साध्या पातळीवर आणला होता. त्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता, पण कपाटातल्या तबकडीचा दर्जा कोणालाही असा उतरवता येत नाही.

राहिला माध्यमाच्या मरणाचा मुद्दा. बाजार आटला आहे यात शंका नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाउस हे संगीत-चित्रपटांचे दुकान २०१६ साली बंद झाले, सॅमसंगने २०१९मध्ये आणि एलजीने २०२४मध्ये ब्लू-रे प्लेअरमधून अंग काढून घेतले. परंतु ‘सोनीने २०२५मध्ये ब्लू-रेच बंद केली’ हा संदेश दिशाभूल करणारा आहे. सोनीने थांबवले ते कोऱ्या, घरी रेकॉर्डिंग करण्याच्या तबकड्यांचे उत्पादन. चित्रपटांच्या छापील तबकड्यांशी त्या निर्णयाचा संबंध नव्हता. सोनी आणि पॅनासॉनिक यांचे प्लेअर आहेत, आणि डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स यांवर ४के तबकड्याही चालतात.

तबकड्या आपोआप खराब होतात, या भीतीमागेही असाच गोंधळ आहे. बहुतेकांचा अनुभव लग्नाच्या डीव्हीडीचा असतो. ती घरगुती पद्धतीने ‘बर्न’ केलेली असते, तिच्यातला माहिती साठवणारा थर रंगद्रव्याचा असतो आणि ऊन-उष्णतेने तो लवकर बिघडतो. कारखान्यात छापलेल्या तबकडीत माहिती दाबून उमटवलेली असते. तिच्यातही सदोष उत्पादन होऊ शकते आणि झालेले आहे, पण दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजणे चूक आहे. ब्लू-रेच्या पृष्ठभागावर ओरखडे रोखणारा कठीण लेपही असतो. कोकणच्या पावसाळ्यात वेष्टनातल्या कागदाला बुरशी येऊ नये म्हणून कपाट कोरडे ठेवले आणि तबकड्या उभ्या ठेवल्या, म्हणजे बहुतांश काळजी घेतली गेली.

खर्चाबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की ब्लू-रेकडे वळायचे म्हणजे सगळा संग्रह नव्याने विकत घ्यायचा. ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडी चालतातच. जे चित्रपट एकदा पाहून झाले ते आहेत तसेच राहू द्यावेत, आणि जे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात, ज्यांचे छायाचित्रण किंवा ध्वनी हाच प्राण आहे आणि ज्यांची चांगली रिस्टोअर केलेली प्रत निघाली आहे, तेवढेच नव्याने घ्यावेत. परदेशातून मागवताना सीमाशुल्काचा हिशेब करावा आणि तबकडी जगातल्या कोणत्या विभागाच्या प्लेअरसाठी आहे ते तपासावे : भारत ‘सी’ विभागात येतो, अमेरिकेच्या ‘ए’ विभागाशी बांधलेली ब्लू-रे इथल्या प्लेअरवर चालत नाही, ४के तबकड्यांना मात्र विभागाचे बंधन नसते. जुन्या व्हीसीडी जपल्या असतील तर प्लेअर त्या वाचतो का, हेही दुकानातच विचारून घ्यावे.

एका बाबतीत मात्र मूळ दावा करणाऱ्यांशी मला सहमत व्हावे लागते. ज्यांचे पाहणे मुख्यतः मराठी चित्रपटांचे आहे, त्यांनी केवळ त्यासाठी ब्लू-रे प्लेअर घेण्यात आज अर्थ नाही, कारण मराठी चित्रपट या माध्यमावर फारसे आलेच नाहीत. याचा दोष तंत्रज्ञानाला देता येत नाही. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा, १९५३चा ‘श्यामची आई’ रिस्टोअर होऊन २०२३ साली गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामध्ये दाखवला गेला. काम झालेले आहे, प्रत तयार आहे. ती महोत्सवाच्या एका खेळापुरती न राहता विकत घेऊन घरी नेता येईल अशा स्वरूपात निघाली पाहिजे, आणि ती निघाली तर पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यांत मी असेन.