"दोर कमरेला पक्का बांधा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला पोरगा, भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी सुट्टीत बसलेला. "मामा, तुमचा नायलॉनचा दोर पायजे होता. ताडपत्री आहे आमच्या घरी." धान झाकायचं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना रविवारी गावच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावावर, काइटबोर्डिंग करायचं होतं.

पाय एका फळीवर, कमरेला पट्टा, पट्ट्याला भलामोठा पतंग, आणि तो पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो, असा हा खेळ आहे. खेळाशी माझं भांडण नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो होता, शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. माझं भांडण आहे त्या मेसेजशी, जो आमच्या भागातल्या पोरांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे आणि शनिवारपर्यंत माझ्या तीन नातेवाइकांनीही पुढे ढकलला. त्याचा सारांश असा: समुद्र नसला तरी गावच्या तलावावर हजार-दीड हजारात काइटबोर्डिंग होतं. ताडपत्री आणि दोर पुरे. वारा जितका जोरात तितकं सोपं, म्हणून अवकाळीच्या आधीचा वारा सर्वांत चांगला. दोर कमरेला पक्का बांधा आणि काही झालं तरी सोडू नका. पाण्यावर पडलं तर लागत नाही, पोहता येत असेल तर जॅकेटची गरज नाही. आणि शेवटी, अपघात नशिबाने होतात, त्यांची चर्चा भित्रे लोक करतात.

सर्वांत जीवघेणं वाक्य कमरेच्या दोराचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

मेसेजसोबत एक क्लिप आहे. एक माणूस पतंगासकट हवेत उचलला जातो, क्लिप तिथेच संपते. खाली लिहिलंय, "याने दोर सोडला नाही म्हणून वाचला." ही घटना खरी आहे. ऑगस्ट 2008, अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य, फोर्ट लॉडरडेलचा किनारा. 'फे' नावाचं उष्णकटिबंधीय वादळ जवळ आलेलं होतं. टीव्हीच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं, म्हणून पुढचं कुणालाही पाहता येतं. वाऱ्याने त्याला उचललं, वाळूवर आपटलं, फरपटत नेलं, पुन्हा उचललं, किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून पलीकडे नेलं आणि एका इमारतीवर आदळलं. तो वाचला हे खरं, पण गंभीर जखमी होऊन. पतंगाला बांधलेला होता म्हणूनच तो इमारतीपर्यंत पोचला. ज्याने क्लिप नेमकी तिथे कापली, त्याने पुढचं पाहिलेलं होतं. पाहून कापली, आणि आमच्या पोरांना पाठवली. मला संताप येतो तो याचा.

खरा खेळ करणाऱ्यांच्या साहित्यात पहिली शिकवण सोडण्याचीच असते. हातातला दांडा पुढे ढकलला की पतंगाची ओढ कमी होते. तेवढ्याने भागलं नाही तर पट्ट्याजवळ एक कळ असते. ती ढकलली की पतंग एकाच दोरावर लटकतो, चपटा होतो आणि ओढणं जवळपास थांबतं. तरीही ओढत राहिला तर तो शेवटचा दोरही सोडायची दुसरी कळ असते. नवशिक्याला फळीवर उभं करण्याआधी या कळा डोळे मिटून सापडेपर्यंत घोटून घेतात. ताडपत्रीला बांधलेल्या दोराला कोणती कळ आहे? ओल्या नायलॉनची गाठ ताण आल्यावर हाताने सुटत नाही. बैलाचं दावं सोडणाऱ्या कुणालाही विचारा.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचं उन्हाळी धान कापून बांधीत पुंजणं, म्हणजे कापलेल्या धानाचा ढीग, घातलेलं होतं. संध्याकाळी आभाळ आलं. आम्ही चौघं ताडपत्रीचे चार कोपरे धरून उभे, मी शहाणपणा करून दोराचा एक वेढा हाताला मारला. वारा ताडपत्रीखाली शिरला आणि बाकी तिघांच्या हातून कोपरे सुटले. मी धुऱ्यापर्यंत तोंडावर घासत गेलो. वेढा आपोआप निसटला म्हणून थांबलो. आजही माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत गुळगुळीत पांढरा पट्टा आहे, तिथे हाताच्या रेषाच नाहीत. तो वेढा कमरेला असता तर?

आता "जितका जोरात वारा तितकं सोपं". अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. वारा अगदीच मंद असेल तर पतंग आभाळात टिकत नाही, पाण्यात पडतो. पण त्यापुढे हिशेब उलटा फिरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग तिप्पट झाला की ओढ नऊपट. बहिणीकडची ताडपत्री 12 बाय 15 फुटांची, साधारण 17 चौरस मीटर. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे 30 किलोची ओढ येते, 60 च्या झोतात सुमारे 280 किलोची. माझा भाचा 54 किलोचा आहे. खेळणाऱ्यांचे नेहमीचे पतंग साधारण 7 ते 12 चौरस मीटरचे असतात आणि वारा वाढला की ते आणखी लहान पतंग घेतात. मेसेज मोठी ताडपत्री आणि मोठा वारा एकदमच घ्यायला सांगतो.

आणि अवकाळीच्या आधीचा वारा! ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या आधी आपल्यापर्यंत पोचते. म्हणून घामाघूम करणारी शांतता असते आणि मिनिटभरात पत्रे उडतात, दिशाही बदलते. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र उन्हाळ्यात विदर्भासाठी मेघगर्जना आणि ताशी 40-50, कधी 50-60 किलोमीटर वाऱ्याचे इशारे देतं, ते याच झोतांसाठी. त्यात वीज. ढग गरजायला लागला की समुद्रावरचे अनुभवी लोक पतंग उतरवून ठेवतात. आमच्या पोरांना नेमकं तेव्हाच ओला दोर हवेत उभा करायला सांगितलं जातंय.

तलाव चालतो, समुद्रच हवा असं नाही, हेही खरं. शिकायला सपाट पाणी चांगलंच. पण वारा एकसारखा लागतो आणि तो ज्या दिशेला ओढेल तिकडे मोकळी जागा लागते. आपल्या मामा तलावाच्या भोवती काय आहे ते डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला पाळ, पाळीवर झाडं, त्यांच्यावरून येणारा वारा गोते खात येतो. दुसऱ्या बाजूला बाभळी आणि शेतात गेलेल्या विजेच्या तारा. कुठूनही वारा आला तरी माणूस त्यातल्या कशावर तरी जाणार.

पाणी मऊ असतं म्हणणाऱ्याने पाळीवरून पोटावर उडी मारून पाहिलेली नसावी. पोहता येण्याचाही इथे फारसा उपयोग नाही. पायात दोर, अंगावर भिजलेली ताडपत्री, खाली गाळ, शिंगाड्याचे वेल आणि मासेमारी सोसायटीची जाळी. जॅकेट लागतंच, यावर वाद नको.

राहिलं नशीब. हा खेळ आज जेवढा सुरक्षित आहे तेवढा अपघातांवर बोलूनच झाला. सुरुवातीच्या काळात पतंगाची ओढ पूर्ण कमी करण्याची सोय नव्हती, सोडायची साधनं कच्ची होती. माणसं मेली, जखमी झाली, आणि त्या धंद्यातल्या लोकांनी प्रत्येक वेळी विचारलं, काय सुटलं नाही, का सुटलं नाही. पतंगांचा आकार बदलला, कळा बदलल्या. 2020 साली तर सोडण्याच्या यंत्रणेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ 21853. एका कळीसाठी आख्खं मानक! नशिबावर सोडून दिलं असतं तर ते कुणी लिहिलं नसतं.

महाग साहित्य आपल्याला परवडत नाही, हे दुःख खरं आहे. भाच्याने तेच विचारलं, "मंग आमी कवाच नाई करायचं का?" करायचं. तमिळनाडूत रामेश्वरमला हा खेळ शिकवतात. कळ कुठे असते ते तिथे आधी शिकायचं. तिकिटाचे आणि पहिल्या धड्यांचे पैसे मी देतो, असं त्याला फोनवरच सांगितलं आहे.

ताडपत्री काल बहिणीने पुंजण्यावर घातली आणि चारही कोपऱ्यांना दगड ठेवले. दुसऱ्या दोन पोरांच्या घरी अजून कुणी बोललेलं नाही. उद्या सकाळच्या एसटीने मी तिकडेच चाललोय, फोर्ट लॉडरडेलची न कापलेली क्लिप फोनमध्ये घेऊन.