तीन आठवडे किंवा शून्य: कॉलिंगवूडवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली, सोमवारी ट्रेनमध्ये पुन्हा वाचली आणि आज गुरुवारी उत्तराला बसलोय. मधले दिवस राग गिळण्यात गेले असं समजू नका. शाळांना सुट्टी लागलीय, एवढंच.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एएफएल, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या लीगमध्ये धोकादायक खेळाबद्दल शिक्षा देणारं ट्रायब्युनल चोर सोडून संन्याशाला फाशी देतं आणि मोठ्या क्लबांना सांभाळून घेतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर कॉलिंगवूड क्लबचे पाठीराखे असलेल्या काकांचे तीन आक्षेप. पहिलं, मी मेलबर्न डेमन्सचा पाठीराखा, त्यामुळे २०२३ चं दुखणं अजून काढत बसलोय. 'नाचता येईना अंगण वाकडं'. दुसरं, प्रत्येक घटना वेगळी म्हणून निकाल वेगळा, याला विसंगती नाही, न्याय म्हणतात. आणि तिसरं, चौदा वर्षांत हा खेळ कळत नसतो. काकांना इथे तीस झाली.

पहिला आक्षेप मान्य. दुखणं आहेच. ७ सप्टेंबर २०२३ च्या त्या गुरुवारी मी एमसीजीवर होतो. मोसमाअखेरच्या फायनल्सचा पहिला सामना, समोर तुमचं कॉलिंगवूड. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमच्या अँगस ब्रेशॉने चेंडू पुढे मारला आणि समोरून ब्रेडन मेनर्ड हात वर करून उडाला. बुटावरून सुटणारा चेंडू असा अंगावर घेऊन अडवायचा, याला स्मदर म्हणतात. चेंडू निसटला, मेनर्ड हवेतच वळला आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ हेल्मेट घालून खेळायचा, कारण आधीही त्याच्या डोक्याला मार बसलेला होता. तो पडला तो हललाच नाही. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक बाई गरम चिप्स खात होत्या. त्यांनी डबा पायाशी ठेवला आणि सामना संपेपर्यंत पुन्हा उचलला नाही.

आम्ही ५३ विरुद्ध ६० असे हरलो. सात गोल (प्रत्येकी सहा गुण) आणि अकरा बिहाइंड (प्रत्येकी एक). म्हणजे खांबांमध्ये मारायचे ते इतके बाजूला मारले, की अंगणाला दोष द्यायची खरंच सोय नाही. ते मेनर्डमुळे झालं नाही. पुढच्या आठवड्यात कार्लटनशी दोन गुणांनी हरलो, तेही नाही. इथवर काका, म्हण तुमची आणि अंगण आमचं.

'मोठ्या क्लबांना सूट' हे वाक्यही मी मागे घेतो. मूळ लेखात ते आता खोडलेलं दिसेल, पुसलेलं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून सुटलेल्यांची यादी काढायला बसलो, तर त्यात जायंट्सचा टोबी बेडफर्ड निघाला. त्या क्लबच्या घरच्या सामन्यांना किती कमी गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. फ्रीमँटलचा अलेक्स पिअर्स निघाला. कॉलिंगवूडला झुकतं माप मिळतं हे म्हणायला मजा येते, पण पुरावा उभा राहत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. घटना वेगळी, निकाल वेगळा. मलाही हे बरीच वर्षं पटत होतं. पण मग मे २०२५ मधला पिअर्स घ्या, कारण तिथे घटना एकच आहे. चेंडू हवेत, पिअर्स तो मार्क करायला, म्हणजे हवेतच झेलायला धावतोय, समोरून पोर्ट अ‍ॅडलेडचा डार्सी बर्न-जोन्स येतोय. टक्कर झाली, बर्न-जोन्सला कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का पोचला. सामन्यानंतर घटना तपासून पहिली शिक्षा ठरवणारे मॅच रिव्ह्यू ऑफिसर मायकेल ख्रिश्चन यांनी तीन सामन्यांची बंदी सांगितली. फ्रीमँटल ट्रायब्युनलकडे गेलं आणि शिक्षा झाली शून्य. तोच माणूस, तीच टक्कर, तोच व्हिडिओ. पहिल्या टेबलावर तीन, दुसऱ्या टेबलावर काहीच नाही.

एकाला दोन वाटले आणि दुसऱ्याला एक, असं का होत नाही? या प्रश्नावर मी अडकलो, आणि उत्तर शिक्षेच्या तक्त्यात सापडलं. आधी ठरवायचं, कृती मुद्दाम होती की निष्काळजीपणाची. मग धक्का कुठे लागला, डोक्याला की अंगाला. मग आघात किती: कमी, मध्यम, जास्त, गंभीर. निष्काळजीपणा आणि डोकं हे दोन्ही धरले, तर कमी आघाताला दंड, मध्यमला एक सामना, जास्तला दोन आणि गंभीरला किमान तीन. भाजीवाल्याच्या पाटीसारखं सरळ दिसतं.

गोम अशी की निष्काळजीपणाला पायऱ्याच नाहीत. तो असतो किंवा नसतो. 'थोडा चुकला' आणि 'डोळे मिटून घुसला' या दोघांना एकच खाना. पायऱ्या आहेत त्या आघाताला, आणि आघात ठरतो बराचसा समोरचा उठला का, डॉक्टरांनी काय लिहिलं यावरून. शिवाय 'इजा होण्याची शक्यता' हेही धरता येतं, म्हणजे तो रकाना हवा तसा ताणायलाही जागा आहे. म्हणून माणूस बेशुद्ध पडलेल्या बहुतेक प्रकरणांत मधली वाटच उरत नाही. निष्काळजीपणा म्हटलं की तीन, नाही म्हटलं की शून्य. ट्रायब्युनलवरचे लोक कितीही प्रामाणिक असोत, केसाएवढ्या मतभेदाला तीन आठवड्यांची, म्हणजे तीन सामन्यांची किंमत पडते.

मेनर्डचं तेच झालं. ख्रिश्चन यांचा कल आरोप न ठेवण्याकडे होता. लीगच्या फुटबॉल विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख लॉरा केन यांनी प्रकरण थेट ट्रायब्युनलकडे पाठवलं. म्हणजे लीगच्या आतच दोन मतं. ट्रायब्युनलपुढे बायोमेकॅनिक्सच्या तज्ज्ञाची साक्ष झाली: एकदा पाय जमिनीवरून सुटल्यावर शरीर सावरायला वेळच नव्हता. स्मदरसाठी उडणं गैर नव्हतं, त्यामुळे निर्दोष. तीन सामने बसले असते तर मेनर्ड ग्रँड फायनल घरी बसून बघता. तो खेळला, कॉलिंगवूड चार गुणांनी जिंकलं. ब्रेशॉ पुन्हा कधीच खेळला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने २८ व्या वर्षी निवृत्त झाला.

तुम्ही लिहिलंत, की त्या वेळच्या नियमानुसार निकाल बरोबर होता. आता मीही तिथवर आलोय. पण पुढच्या मोसमाआधी लीगने नियमच बदलला. स्मदरसाठी उडून कुणाच्या डोक्याला जोरदार धक्का दिला, तर अपवाद सोडता तो निष्काळजीपणा धरायचा. म्हणजे मेनर्डने जे केलं तेच सहा महिन्यांनी केलं असतं तर किमान तीन. नियम सुधारतात हे कबूल. पण 'प्रत्येक घटना वेगळी' हे सांगताना 'प्रत्येक मोसम वेगळा' हेही सांगायला हवं.

नवा मोसम सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते तेवढ्यात एसेंडनचा पीटर राइट मार्क घ्यायला धावत जाऊन उडाला, शेवटच्या क्षणी अंग वळवलं आणि सिडनीच्या हॅरी कनिंगहॅमवर आदळला. चार सामने. तुम्ही म्हणाल, स्मदर वेगळं, मार्क वेगळं, राइटने खांदा वळवला. मेनर्डनेही वळवला होता, काका. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून, आवाज बंद करून बघा. मी बघितलेत. फरक आहे, नाही असं नाही. चार आणि शून्यामधला फरक मात्र मला दिसला नाही.

जुलै २०२४ तर बघण्यासारखाच होता. आधी सिडनीच्या आयझॅक हीनीची पाळी. सेंट किल्डाच्या जिमी वेबस्टरला झटकून सुटताना त्याचा हात वेबस्टरच्या तोंडावर लागला. नाकातून रक्त आलं, वेबस्टर खेळत राहिला. आघात कमी, पण त्या वर्षीच्या नव्या सूचनेनुसार असा फटका मुद्दाम मारलेला धरायचा, म्हणून एक सामना. ट्रायब्युनलने कायम ठेवला, त्याच्या वरच्या अपील्स बोर्डानेही. त्याच महिन्यात बेडफर्डने रिचमंडच्या टिम टरँटोला आणि ब्रिस्बेनच्या चार्ली कॅमेरनने वेस्ट कोस्टच्या लियम डगनला टॅकल करून खाली आणलं. दोघांना कन्कशन. दोन्ही टॅकलना तीन-तीन सामने, ट्रायब्युनलने दोन्ही कायम केले, अपील्स बोर्डाने कायद्याची चूक झाली म्हणून दोन्ही उडवले. एकाच आठवड्यात तीनाचे शून्य दोनदा! आणि हाच कॅमेरन एप्रिलमध्ये दुसऱ्या एका टॅकलच्या एका सामन्याच्या बंदीतून दंडावर सुटला होता, कारण दोनशेहून जास्त सामन्यांत त्याच्यावर कधी बंदी आली नव्हती. चांगल्या वागणुकीचा हिशोब त्याच्या कामी आला. ज्याचं वय एकोणीस, त्याने दोनशे सामन्यांची वागणूक कुठून आणायची?

हीनीचा एक सामना छोटा वाटतो, पण इथे ब्राउनलो मेडल आडवं येतं. मोसमातला सर्वांत चांगला आणि सर्वांत सभ्य खेळाडू, असा तो मान, दर सामन्यात अंपायर देतात त्या मतांवर ठरणारा. मोसमात बंदी आली की तुम्ही अपात्र. म्हणून कुणाचा एक आठवडा नुसता आठवडा असतो आणि कुणाचा आयुष्यभराचा सल. १९९७ मध्ये ख्रिस ग्रँटला सगळ्यांत जास्त २७ मतं पडली, पण एका सामन्याच्या बंदीमुळे मेडल २६ मतांच्या रॉबर्ट हार्वीला गेलं. ज्या फटक्याबद्दल ती बंदी होती, त्याची मैदानावरच्या अंपायरांनी तक्रारही केली नव्हती. व्हिडिओ बघून नंतर आरोप ठेवला गेला.

याच्या शेजारी २०२२ चा, कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स ठेवा. ऑगस्टमध्ये त्याने ब्रिस्बेनच्या कॅलम आह चीला धडक दिली, आह चीला कन्कशन झालं, क्रिप्सला दोन सामने. ट्रायब्युनलने कायम केले. मग कार्लटनचे वकील अपील्स बोर्डापुढे उभे राहिले आणि सुनावणी कित्येक तास चालली. ट्रायब्युनलने रीतसर न मांडलेल्या मुद्द्यावर निष्कर्ष काढला, प्रक्रिया चुकली, या कारणावर बंदी रद्द. धडक योग्य होती असं बोर्डाने म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. क्रिप्स राहिलेले सामने खेळला, शेवटच्या फेरीत त्याला एका सामन्यात मिळू शकतात ती पुरी तीन मतं पडली आणि लॅची नीलला एका मताने मागे टाकून २९ मतांवर त्याने ब्राउनलो नेलं. नील ब्रिस्बेनचाच, आह चीचा संघसोबती.

क्रिप्स सभ्य खेळाडू आहे, मलाही आवडतो. पण ग्रँटकडे १९९७ मध्ये तशी वकिलांची फौज असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

अशी धरसोड का होते याचं एक कारण उघड आहे. डोक्याच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी २०२३ मध्ये लीगला कोर्टात खेचलं. शेन टक आणि डॅनी फ्रॉली या माजी खेळाडूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत सीटीई हा, डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार सापडला होता. त्यामुळे 'डोकं जपतो' हे दाखवणं लीगला भाग आहे, आणि ते योग्यच आहे. पण खेळ तर धडकांचाच, लोक त्यासाठीच येतात. या ओढाताणीत शिक्षेचा आकडा डोकं जपण्याकडे धावतो आणि अपील्स बोर्ड तो कायद्याच्या पुस्तकाकडे मागे ओढतं.

तिसरा आक्षेप, चौदा वर्षांत खेळ कळत नाही. असेल. पण माझा अकरा वर्षांचा मुलगा दर रविवारी सकाळी चिखलात खेळतो आणि मी थर्मास घेऊन सीमेवर उभा असतो, त्यामुळे एक गोष्ट जवळून बघितलीय. त्यांचा कोच मुलांना जोडीने उभं करतो आणि टॅकल शिकवताना एकच घोकून घेतो: दोन्ही हात जखडू नकोस, एक सोड. कारण दोन्ही जखडलेला माणूस पडताना हात टेकू शकत नाही, डोकं आपटतं. गेल्या महिन्यात पोराने सामन्यात अगदी तसंच केलं. समोरच्याचा हात मोकळा सोडला. त्या मोकळ्या हाताने समोरच्याने हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास दिला आणि तिथून गोल झाला. माझ्या शेजारचे एक बाबा जोरात ओरडले, "होल्ड हिम, मेट!" पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी थर्मासचं झाकण लावत बसलो.

घरी येताना गाडीत त्याने विचारलं, हात सोडला नसता आणि तो पडून लगेच उठला असता तर? मी म्हटलं, तर फ्री किकसुद्धा कदाचित मिळाली नसती. आणि नसता उठला तर? याला मी जे उत्तर दिलं तेच मूळ लेखात जास्त चिडून लिहिलं होतं.

मला विचाराल तर पायऱ्या निष्काळजीपणाला द्याव्यात आणि आघाताच्या कमी कराव्यात. धडक देणाऱ्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता आणि त्याने तो किती सहज टाळला, यावर एक, दोन, तीन मोजा. याची किंमत आहे, मला कळतं. एखादा बेशुद्ध पडेल, त्याला पाडणाऱ्याला एकच आठवडा मिळेल, आणि पेपरवाले लीगला सोलून काढतील. उलट, समोरचा हसत उठला तरी कुणाला तीन बसतील. पण राइट, पिअर्स, मेनर्ड आणि बेडफर्ड तेव्हा निदान एकाच पट्टीवर मोजले जातील.

तेव्हा आता पाळी तुमची. मेनर्ड बाजूला ठेवा, त्यावर आपलं दोघांचंही मन साफ नाही. पिअर्सचा व्हिडिओ बघा आणि तुम्ही त्याला किती आठवडे दिले असते ते खाली लिहा. तीन आणि शून्य हे दोन आकडे सोडून.