आज ऑफिसचं भंगार विकलं

आज दुपारी आमच्या ऑफिसखाली छोटा हत्ती लागला होता. जुने सीपीयू, यूपीएस, वायरींची भेंडोळी आणि स्टोअरमध्ये कित्येक वर्षं पडून असलेले ते कुबडवाले जाड मॉनिटर. पोरं माल वरूनच टाकत होती. एक मॉनिटर आपटला, आतून फुस्स असा आवाज आला आणि मी डबा तसाच टाकून उठले.

तो आवाज मला पाठ आहे. नागपुरातल्या महाल भागात बाबांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. मी तेव्हा सहावीत होते. योकचं, म्हणजे ट्यूबच्या मानेभोवतीच्या तारेच्या गुंडाळीचं, तांबं कबाडी चांगल्या भावानं घेतो म्हणून ते काढायला गेले आणि पिक्चर ट्यूबची मान मोडली. अस्साच फुस्स. कधी हात न उगारणाऱ्या बाबांनी त्या दिवशी थोबाडीत दिली. मग स्वतः माझे हात साबणानं धुतले, दोनदा. काचेत शिसं असतं, आतली पूड विषारी असते, म्हणाले.

मॅट्रिक झालेल्या माणसाला हे कळत होतं. आमच्या ॲडमिनच्या साहेबांना विचारलं, हे सगळं जातं कुठे? तर म्हणे, "मॅडम, यानं किलोमागे दोन रुपये जास्त दिले." दोन रुपये! मागच्या महिन्यात पर्यावरण दिनाला याच लोकांनी रोपं लावली. फोटोत मीही आहे, आणि आता तो बघवत नाही.

माहीत नव्हतं असं कोणी सांगू नका. ई-कचऱ्याचे नियम २०११ पासून आहेत, नवे १ एप्रिल २०२३ ला लागू झाले. वर्षात कधीही अशा एक हजार वस्तू वापरात असतील तर माल नोंदणीकृत माणसाकडेच द्यायचा. आमचे तीन मजले आहेत, हजार केव्हाच पार. आणि हार्ड डिस्क मात्र एकूण एक आठवणीनं काढून घेतल्या! स्वतःचं नुकसान बरोब्बर कळतं.

कबाड्याचं पोट त्यावर आहे, मान्य. नोंदणीवाले थोड्या मालासाठी येत नाहीत, तेही मान्य. पण कबाड्यावर माझा राग नाहीच. तांब्यासाठी वायरी जाळणारा, बोर्ड ॲसिडात बुडवणारा त्याच्याच वस्तीतला कोणीतरी असतो. धूर त्याच्याच लेकरांच्या छातीत जातो. माझे हात धुवायला बाबा होते. त्या पोरांचे कोण धुणार?

मिहान, आयटी पार्क, हिंगणा, बुटीबोरी, तुमच्यातले निम्मे तिकडेच आहात. तुमच्या ऑफिसचं कुठे जातं? उद्या विचारा बाप्पा, एकदा तरी.

फुटलेला गेलाच. उरलेले दोन साहेबांशी भांडून डिकीत टाकून घरी आणले. सोमवारी नोंदणीकृत रिसायकलरला फोन करते, आणि वर लेखी मेलही टाकणार आहे. तोवर गॅलरीत, ताडपत्रीखाली.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. संध्याकाळी गॅलरीत गेले, दोन्ही मॉनिटर कान लावून हळूच हलवून पाहिले.

"मान शाबूत आहे," म्हणाले.